भाकरमा काय शे?

कालपासून माझ्या गाडीत शिंका सुरू झाल्या. मी नंदुरबार डेपोला कंडक्टर आहे. दिवाळी जवळ आली, ओल्या लाल मिरचीची वाहनं बाजारात रांगा लावू लागली, की गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनींवर मिरची वाळत पडते. आम्ही त्या जमिनींना पथारी म्हणतो. वारा फिरला की पथारीवरचा ठसका सरळ बसच्या खिडकीतून आत शिरतो. पहिल्या सीटवरचा शिंकतो, मग त्याच्या मागचा, मग दोघं-तिघं एकदम. काल सुरतेहून आलेली एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "काय हो हे तुमचं गाव, स्वागतालाच शिंका!" मी तिला तिकीट देत म्हटलं, "ताई, पंधरा दिवस थांबा, मग हा वास नसला तर चैन पडायचं नाही."

मला स्वतःला शिंक येत नाही. माझं नाक एकाच हंगामात पक्कं झालं. त्या हंगामात मी एकोणीस वर्षांची होते, बारावीत इंग्रजीत दोनदा नापास झाले होते आणि मायच्या शेजारी बसून मिरचीचे देठ खुडत होते.

लोक मिरचीच्या हंगामाबद्दल बोलतात तेव्हा रंगाबद्दल बोलतात. फोटो काढणारे येतात, लाल सतरंजी अंथरल्यासारखं दिसतं म्हणतात. खरंच दिसतं. पण मला आधी आठवतं ते दुपारचं जेवण. सकाळी आठला देठ खुडायला बसलं की बाराच्या सुमारास बोटं अशी पेटलेली असत की पाण्यात घातली तरी आग होई आणि तेलात घातली तरी होई. अशा बोटांनी जेवायचं कसं? रस्सा-भाजीत बोट बुडवलं तर भाजीचीही मिरची व्हायची. म्हणून पथारीवरच्या बाया कालवण आणतच नसत. पहाटे तव्यावरून उतरलेली गरम भाकरी मधोमध दुमडायची, दुमडताना तिच्या पोटात काहीतरी भरायचं आणि फडक्यात घट्ट बांधायची. दुपारी तेच फडकं हाताला गुंडाळून, भाकरीला बोट न लावता, कडेकडेनं चावत यायचं. आत भरलेलं काय ते तिसऱ्या घासाला कळे.

त्यामुळे जेवणाची सुट्टी झाली की सगळ्यांचा आमच्या अहिराणीत एकच प्रश्न असे. "आज भाकरमा काय शे वं?"

उत्तरं आजही तोंडाला पाणी आणतात. मायच्या दादर ज्वारीच्या भाकरीत बहुतेक वेळा ठेचा असे, पण रोजचा ठेचा वेगळा. कधी हिरव्या मिरचीचा, लसणाची पात घालून जाडाभरडा. कधी पथारीवरच्याच ओल्या लाल मिरचीचा, नुसतं मीठ आणि कच्चं तेल. थंडी वाढली की वांग्याचं भरीत. वांगं भाजलेल्या विस्तवाची चव दुपारपर्यंत भाकरीत मुरलेली असे. कळण्याची भाकरी असली, म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली, तर आत काही लागतच नसे. तेल, तिखट आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. भाकरीच्या आतला पापुद्रा तेल प्यायलेला असायचा. तो शेवटी राखून ठेवायचा आणि डोळे मिटून खायचा, असा माझा नेम होता.

आमच्या कोंडाळ्यात सात-आठ बाया. त्यांत मोठी म्हणजे निर्मलाकाकू. आमच्याच गल्लीतली, माझ्या मायची जुनी सोबतीण, तोंडानं फटकळ आणि हातानं एवढी चपळ की आमच्या दोघींचं टोपलं भरेपर्यंत तिचं एकटीचं भरे. दहा-बारा पावलांवर दुसरं कोंडाळं होतं. ते सातपुड्यातून हंगामापुरत्या आलेल्या बायांचं. त्या पथारीच्या कडेला पालं ठोकून राहत आणि होळीला घरी परतत. दिवसभर दोन्हीकडच्या बाया एकाच ढिगावर बसत, एकमेकींची टोपली उचलू लागत, एकमेकींच्या पोरांचे सर्दी-ताप विचारत. जेवायची वेळ झाली की मात्र ती दहा-बारा पावलं आपोआप मधे येत. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, आणि तसं का म्हणून कुणी विचारतही नव्हतं. मीही नव्हतं विचारलं.

त्यांच्यात वेस्तीबाई होती. धडगावच्या पुढच्या एका पाड्यावरची. घरी ती पावरी बोले, आमच्याशी अहिराणी आणि मराठी दोन्ही मिसळून. वय मायएवढंच असेल. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद दिसला की तो उलटासुलटा करून बघितल्याशिवाय तिला राहवत नसे. मिठाची पुडी सोडली तरी पुडीचा कागद निरखायची.

दिवाळीआधी दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा मी मायला सांगून टाकलं होतं, आता परीक्षेला बसणार नाही. बाकी सगळ्या विषयांत बरे मार्क आणि इंग्रजीत दोनदा आपटी, म्हणजे ते आपल्या नशिबातच नाही. एके दिवशी जेवताना मी फडकं सोडलं तर दोन भाकरींच्या मधे इंग्रजीचं गाईड. वरच्या पानाला तेल लागलेलं.

"हाई काय शे माय?"

"भाकरसंगे बांधेल शे," माय खाली बघतच म्हणाली. "भाकर उघडशी तव्हय ते बी उघड."

मला रडू आलं, पण मिरचीच्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत. पथारीवर रडायचीही सोय नसते. मी गाईड गुडघ्यावर ठेवलं, नुसतंच. पाणी प्यायला निघालेली वेस्तीबाई वाटेत थांबली, वाकली आणि उघड्या पानावरच्या चित्राकडे बघत म्हणाली, "हे काय आहे?"

"सँडविच."

"खायचं?"

"हो. पावाचे दोन तुकडे असतात."

"आत काय?"

आमच्या कोंडाळ्यातल्या सगळ्याच बाया खाण्याचं नाव ऐकून सरसावल्या. मी वाचलं. एखादी गोष्ट कशी करतात ते पायरीपायरीनं लिहा, असा तो प्रश्न होता आणि नमुन्याला सँडविच दिलं होतं. मी अडखळत वाचत गेले आणि अर्थ सांगत गेले. पावाचे दोन काप घ्या. त्यांवर लोणी लावा. काकडीच्या चकत्या ठेवा. मीठ भुरभुरा. दाबा. कापा. वाढा.

"आनि?" निर्मलाकाकूनं विचारलं.

"संपलं."

"मिरची?"

"नाही."

"लसूण? शेंगदाना?"

"नाही काकू. काकडीच."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. आजाऱ्याचं खाणं असेल, असं एकीनं ठरवलं. वेस्तीबाईला वाटलं, पान फाटलं असेल आणि पुढचं पुढच्या पानावर असेल. 'लोणी लावा' हे मी अंदाजानं सांगितलं होतं, तिथला एक शब्द मला अडला होता, स्प्रेड. मागे शब्दार्थ बघितले. पसरवणे.

"पसरवणे म्हणजे आपन करतस ते?" निर्मलाकाकूनं हातातली भाकरी समोरच्या लाल पथारीकडे नेली. "ह्येले इंग्रजीमा स्प्रेड म्हनतस?" मी मान हलवताच ती जी हसत सुटली ती थांबेना. "माय वं! आख्खी जिंदगी मन्ही स्प्रेड करामा गयी, आनि मले माहीतच नही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरचीचा नवा ढीग आला तेव्हा काकूच ओरडली, "चला वं, स्प्रेड करा!" मुकादम निंबाभाऊ पान खात उभे होते. त्यांनी चमकून विचारलं, "काय चाली ऱ्हायनं आठे?" बाया पदरात तोंड खुपसून स्प्रेड करत राहिल्या.

तिथून ते सुरू झालं. रोज दुपारी जिच्या भाकरीत जे असेल ते इंग्रजीत कसं करायचं, हा माझा अभ्यास. भरीत असेल तर रोस्ट आणि मॅश. चटणी असेल तर ग्राइंड. फोडणीला गाईडात शब्द सापडेना, तेव्हा तिथं मी माझंच काहीतरी दडपून दिलं. मी चुकले की बाया मला पकडत, कारण इंग्रजी नसलं तरी स्वयंपाक त्यांना येत होता. "आधी भाज, मंग चेच! तू उलटं सांगी ऱ्हायनी." शाळेत मला कधीच कळलं नव्हतं की वाक्यांना असा क्रम असतो आणि तो क्रम आपल्या चुलीवरचाच असतो. वेस्तीबाई बहुतेक वेळा दोन्ही कोंडाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आपली भाकरी हातात धरून उभ्यानं ऐके. बसत नसे.

संक्रांतीच्या सुमाराला मायनं ठरवलं की नुसतं वाचून काय उपयोग, पोरीनं एकदा सँडविच करून बघितलं पाहिजे. तिनं स्टेशनजवळच्या बेकरीतून ब्रेड आणला. आम्ही पाव खायचो, पण कापांचा ब्रेड घरी फक्त तापात येई. लोणी कुठलं? तेलाची बाटली होती. काकडी एकीनं आणली, पण ती मांडल्यावर बायांना दया आली. एवढंसं बिचारं! मग प्रत्येकीनं आपापल्या भाकरीतलं थोडं थोडं काढून द्यायला सुरुवात केली. मायचं भरीत आलं, निर्मलाकाकूचा लाल ठेचा आला, कोणाची तिळाची चटणी, कोणाची मेथी. ब्रेडच्या कापावर ढीग झाला.

तेवढ्यात वेस्तीबाई पुढे आली. तिच्या मक्याच्या भाकरीत घट्ट उडदाची डाळ होती, थंड होऊन वडीसारखी थापून बसलेली, आणि पानात गुंडाळलेली आमचूरची चटणी. तिनं डाळीचा तुकडा काढून ढिगावर ठेवला, वर बोटभर चटणी. "आता दाब," ती मला म्हणाली. "तुझ्या पुस्तकात दाबायचं लिहिलंय."

मी दाबलं. ब्रेड फाटला. सगळं माझ्या फडक्यात सांडलं आणि बाया हसून लोळल्या. मी फडकं उचलून जे आलं ते तसंच तोंडात टाकलं. आंबट, तिखट, धुराळ, खमंग, सगळं एकदम. माझा चेहरा बघून बाकीच्यांनीही हात पुढे केले.

निर्मलाकाकूनं केला नाही. ती ब्रेडची कड तेवढी चावून बघत होती. "हाई त कापूस शे वं! गादीमा भरानं सोडीसन पोटमा काबरं भरी ऱ्हायनात?" असं म्हणून तिनं सगळ्यांना हसवलं. पण मी फडकं तिच्यापुढे धरलं तेव्हा ती जरा मागे सरकली. "नको. मन्हं पोट भरनं."

तिचं पोट भरलेलं नव्हतं. तिची भाकरी अर्धीही झाली नव्हती. ते मला कळलं, मायला कळलं आणि वेस्तीबाईलाही कळलं. वेस्तीबाईनं उरलेली चटणी पानात नीट गुंडाळली आणि आपल्या बायांकडे निघाली. हसणं एकदम बसलं. वाऱ्यानं उडालेल्या मिरचीच्या बिया तेवढ्या ब्रेडच्या कागदावर टपटपत होत्या.

माझी माय भांडणारी बाई नव्हती. निर्मलाकाकूशी तर तिचं वीस वर्षांचं मैत्र. ती उठली, आपली भाकरी घेतली, पाण्याचा तांब्या घेतला, ती दहा-बारा पावलं चालून गेली आणि वेस्तीबाईच्या शेजारी जाऊन बसली. बसल्यावर तिनं मोठ्यानं विचारलं, सगळ्यांना ऐकू येईल असं, "वेस्ती, आमचूरमा लसूण कच्चा टाकस का भाजीसन?"

मी गाईड उचललं आणि तिच्या मागे गेले.

त्या दिवशी ब्रेड संपला होता, म्हणून आम्ही मायची अर्धी दादरची भाकरी खाली आणि वेस्तीबाईची अर्धी मक्याची वर ठेवली. मधे भरीत, डाळ आणि आमचूर. आज नंदुरबारात चौकाचौकात सँडविचच्या गाड्या आहेत. चीज किसून डोंगर करतात, माझा मुलगा आवडीनं खातो, मीही खाते, खोटं कशाला बोलू? ड्यूटी संपल्यावर गरम गरम बरं लागतं. पण कधी कोणी विचारलं, तुम्ही खाल्लेलं सगळ्यात भारी सँडविच कोणतं, तर मी ते सांगते. ते खाताना वर-खाली दोन वेगळी धान्यं दाताखाली येत होती आणि मायच्या कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता. तो घाम उन्हाचा नव्हता, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

निर्मलाकाकू तीन दिवस आमच्याशी बोलली नाही. कामावर होती, देठ खुडत होती, पण 'स्प्रेड करा' नाही की काही नाही. एकेक करून आमच्या कोंडाळ्यातल्या बाया इकडे येऊन बसू लागल्या. त्या काही मोठा विचार करून आल्या असं मी म्हणणार नाही. अभ्यास इकडे चालला होता आणि गंमतही इकडेच होती. चौथ्या दिवशी जेवायच्या वेळी काकू आली. हातात भाकरी, तोंड फुगलेलं. कोणाकडेही न बघता वेस्तीबाईच्या समोर बसली आणि भाकरी उघडून तिच्यापुढे धरली.

"मन्हा ठेचाले आंबट पाहिजे व्हतं," ती म्हणाली. "तुन्हं आमचूर दे थोडं."

वेस्तीबाईनं पान सोडलं. एक चिमूट टाकली, मग काकूच्या तोंडाकडे बघून आणखी एक टाकली. काकूनं घास घेतला, बराच वेळ चावला आणि मग माझ्यावर ओरडली, "दखी काय ऱ्हायनी? तुन्हा पेपर शे का मन्हा? वाच!"

फेब्रुवारीत पथारीवर मिरची विरळ झाली. होळीच्या आधी डोंगरातल्या बायांनी पालं उतरवली. जाताना वेस्तीबाईनं मला एवढंच विचारलं, "पेपर कधी?" मी म्हटलं, होळीनंतर. तिनं बोटांवर दिवस मोजले, मान हलवली आणि गाडीत चढली.

पेपरात सँडविच आलं नाही. लिंबाचं सरबत कसं करायचं ते लिहा, असं आलं. पिळणे याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं, पथारीवर कोणाच्या भाकरीत लिंबू नव्हतंच. मी प्रेस, म्हणजे दाबा, लिहिलं. पण आधी कापा, मग दाबा, मग गाळा, मग साखर, मग ढवळा. क्रम एकही चुकला नाही. लिहिताना मला पाठीमागून बायांचे आवाज ऐकू येत होते आणि मी हसत होते. पर्यवेक्षक दोनदा येऊन बघून गेले.

मे महिन्याच्या शेवटी निकाल लागला. इंग्रजीत एक्केचाळीस. निर्मलाकाकूनं गल्लीभर साखर वाटली. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं की पोरीला इंग्रजी तिनं शिकवलं. माय मात्र संध्याकाळपर्यंत अस्वस्थ होती. शेवटी म्हणाली, "वेस्तीले कोन सांगी?"

फोन नव्हता. पत्त्यादाखल पाड्याचं नाव तेवढं माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बसमध्ये बसलो. प्रकाशा गावाला तापीचा पूल ओलांडला, शहादा गेलं, ऊस आणि केळी मागे पडली आणि डोंगर सुरू झाला. मायनं आयुष्यात घाट बघितला नव्हता. प्रत्येक वळणावर ती माझा दंड धरी आणि वळण सरलं की खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघे. पुढे माझी नेमणूक कंडक्टर म्हणून झाली आणि पहिल्यांदा याच घाटात ड्यूटी लागली. तेव्हा कळलं, बाया पहिल्या घाटाला अशाच दंड धरतात, शेजारी कोणीही असो.

धडगावला उतरून जीप, जीपमधून उतरून पायवाट. पाड्याच्या तोंडाशी विहिरीवर तीन-चार बाया होत्या. मायनं वेस्तीबाईचं घर विचारलं. त्यांच्यातल्या एकीनं मायकडे बघितलं, मग माझ्याकडे, पायापासून डोक्यापर्यंत, आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "तू नंदुरबारची? इंग्रजी पास झालेली?"

मी मायकडे बघितलं. निकाल कालच लागला होता. इथं तो आमच्याआधी कसा पोहोचला? पुढे एक म्हातारा झाडाखाली दोरी वळत होता. त्यानंही हात वर करून विचारलं, "वेस्तीची पास झालेली पोरगी का?" पोरांची टोळी आमच्यापुढे पळत सुटली.

वेस्तीबाई अंगणात कैऱ्या चिरत बसली होती. आमचूरचे दिवस. खाटेवर, छपरावर, जमिनीवर, जिथे ऊन तिथे कैरीच्या फोडी वाळत होत्या. आम्हाला बघून ती उठली, हात लुगड्याला पुसले आणि मायच्या गळ्यातच पडली. मी सांगायला तोंड उघडलं, "वेस्तीबाई, मी..."

"पास झालीस," ती म्हणाली. "माहीत आहे."

"पण कसं काय? निकाल तर कालच लागला."

"मी होळीलाच सांगून टाकलं ना सगळ्यांना. सगळा गाव जमला होता, ढोल चालला होता. मग म्हटलं, आत्ताच सांगून टाकू."

"अहो, होळीला? तेव्हा पेपरसुद्धा झाला नव्हता!"

"नव्हता ना झाला."

"आणि मी नापास झाले असते तर?"

वेस्तीबाईनं विळा उचलला, एक कैरी उभी धरून मधोमध चिरली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू बारावी होऊनही या पोरीला एवढं साधं कसं कळत नाही.

"तर तू इथवर सांगायला आली असतीस का?" ती म्हणाली. "मग गावाला कुठून कळणार होतं?"

माय एवढ्या जोरानं हसली की छपरावरचा कावळा उडाला. ती तिथेच जमिनीवर बसली, हसत हसत डोळे पुसू लागली आणि मग तिच्या लक्षात आलं की आज हातांना मिरची नाही, हवे तेवढे पुसता येतात.